पानं कापणारी माशी ओळखताना या चुका टाळा

गच्चीवरच्या गुलाबाच्या किंवा बोगनवेलीच्या पानांना कडेनं अर्धगोल खाचा दिसल्या, की बडोद्यातल्या बहुतेक घरांत निदान ठरलेलं असतं: अळी लागली. लगेच फवारणीचा पंप निघतो. त्याआधी एक पान हातात घेऊन नीट बघा. अळी कुरतडते तेव्हा कड वेडीवाकडी होते आणि खालच्या पानांवर काळी विष्ठा सापडते. इथे कड एकदम साफ असते, मधली शीर बहुधा शाबूत असते आणि विष्ठेचा मागमूस नसतो. हे काम मेगॅकाइल या प्रजातीतल्या (मधमाशीच्या नात्यातल्या अनेक जातींच्या गटातल्या) मादीचं. ती पान खात नाही. लांबट तुकड्यांनी ती पिल्लांच्या खोलीच्या भिंती रचते आणि गोल तुकड्यांनी झाकण लावते. पानाची कड पायांत धरून ती कापत फिरते, तुकडा सुटायच्या क्षणी पंख सुरू करते आणि तो पोटाखाली धरून निघून जाते. हे सगळं काही सेकंदांत आटोपतं, म्हणून कापलेली पानं सगळ्यांना दिसतात, माशी फार थोड्यांना.

माशी दिसली की पुढची चूक होते रंगावरून ओळखण्याची. माझ्याकडे ओळखायला येणारे बहुतेक फोटो वरून काढलेले असतात: काळसर अंग, पोटावर पांढुरके पट्टे, आणि खाली प्रश्न, "ही कुठली?" असे पट्टे कितीतरी माश्यांना असतात. शिवाय मेगॅकाइलचे पट्टे केसांचे असतात. अरुंद भोकांतून सतत ये-जा करून ते झिजतात आणि जुनी मादी जवळजवळ काळी दिसू लागते. पट्टा केसांचा नसून कातडीतच पिवळी नक्षी असेल, तर अँथिडियम या मेगॅकाइलच्याच कुळातल्या दुसऱ्या माशीकडे किंवा तिच्या भाऊबंदांकडे वळा.

खरी खूण पोटाखाली असते. मधमाशी पराग ओला करून मागच्या पायांवर गोळ्या करून नेते. मेगॅकाइलच्या मादीला पायांवर ती सोय नाही. तिच्या पोटाच्या खालच्या बाजूला दाट, ताठ केसांचा ब्रश असतो आणि कोरडा पराग त्यात भरतो. कमाटीबागेत किंवा शहराबाहेर तुरीच्या शेताकडेला फुलावर बसलेली माशी बघताना मान खाली करून बाजूनं बघा. ती पुष्कळदा पोटाचं टोक वर उचलून काम करते, त्यामुळे भरलेला ब्रश स्वच्छ दिसतो. वरून काढलेल्या दहा फोटोंपेक्षा असा बाजूचा एक फोटो जास्त कामाचा.

पण ब्रश दिसला म्हणून लगेच नाव लिहून मोकळं होऊ नका. कापूस, भेंडी, अंबाडी यांच्या फुलांत परागानं माखलेली काळी माशी दिसते, तिलाही पोटाखाली ब्रश असतो. ती लिथर्गस असू शकते. तिच्या मादीच्या चेहऱ्यावर, मिशांच्या खाली, उंचवटा असतो आणि नडगीच्या बाहेरच्या बाजूला खरखरीत दाणे असतात. घरही ती कुजक्या लाकडात स्वतः पोखरून करते. आपल्याकडे कपाशीचा पट्टा जवळ असल्यामुळे ही गफलत सहज होऊ शकते.

ब्रश नाही म्हणजे मेगॅकाइल नाही, हाही घाईचा निकाल. नरांना ब्रश नसतोच. त्यांच्या चेहऱ्यावर बहुधा फिकट केसांची दाट झालर असते, पोटाचं टोक खाली वळलेलं असतं आणि काही जातींत पुढचे पाय रुंद व फिकट असतात. मिशांचे भाग मोजता आले तर नर की मादी ही शंकाच उरत नाही: नराला 13, मादीला 12.

हातात भिंग असेल तर आणखी दोन गोष्टी तपासा. पुढच्या पंखाच्या वरच्या कडेजवळ शिरांनी आखलेले कप्पे असतात. त्यांतल्या मधल्या ओळीत मेगॅकाइलला दोन कप्पे असतात. मधमाशीला, निळ्या पट्ट्यांच्या अमेगिलाला आणि लाकूड पोखरणाऱ्या भुंग्याला तीन. दुसरी खूण नख्यांमधली. ऑस्मिया या याच कुळातल्या माशीच्या दोन नख्यांमध्ये बारीक गादी असते, मेगॅकाइलच्या नसते. जिवंत माशी इतकी स्थिर राहत नाही. तिला छोट्या बाटलीत धरून थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवा (फ्रीझरमध्ये नाही), ती सुस्तावली की बघा आणि जिथे धरली तिथेच सोडा.

सगळ्यात जास्त फसगत होते ती घरट्यांच्या बाबतीत. मेगॅकाइलच्या सगळ्याच जाती पानं कापत नाहीत. काही राळ वापरतात, तर मेगॅकाइल लॅनाटासारख्या जाती चिखल. वाड्याच्या जुन्या कुलपाचं भोक, भिंतीतला रिकामा पाइप चिखलानं बुजला की "कुंभारीण आली" म्हणून आपण खरवडून काढतो. लिंपण चुकून फुटलंच असेल तर आत बघा: बधिर केलेले कोळी किंवा अळ्या असतील तर घर गांधीलमाशीच्या कुळातलं, पिवळसर परागाचा लगदा असेल तर पराग गोळा करणाऱ्या माशीचं. मुद्दाम मात्र फोडू नका; तुरीच्या फुलांचं परागीभवन करणाऱ्यांत लॅनाटाही आहे.

जातीचं नाव लिहायची घाई करू नका. या प्रजातीत जगभर 1,500 च्या आसपास जाती आहेत आणि त्या फोटोवरून क्वचितच सुटतात. कीटक-अभ्यासक बिंगहॅम यांनी 1897 साली भारतातल्या माश्यांची मांडणी केली, ती अजून उपयोगी पडते, पण त्यानंतर बरीच नावं बदलली आहेत. नोंदीत "मेगॅकाइल, मादी" इतकं लिहून फूल, जागा आणि घरट्याचं साहित्य टिपलं तर पुढे तज्ज्ञाला त्यावर काम करता येतं.

आणि एक माशी वेगळी लक्षात ठेवा: पोट मागे निमुळतं होत टोकदार झालेलं, डोळ्यांवर बारीक केस, ब्रश नाही. ही सीलिऑक्सिस. ती स्वतः घर बांधत नाही, दुसरीच्या खोलीत अंडं घालते आणि तिची नेहमीची यजमान मेगॅकाइलच. ती एखाद्या भिंतीपाशी घुटमळताना दिसली, तर त्याच भिंतीतली भोकं तपासायला घ्या.