पळून गेलेल्या गुलामाची जाहिरात कशी वाचावी

अठराव्या शतकातल्या अमेरिकेत गुलाम पळाला की मालक वर्तमानपत्रात जाहिरात द्यायचा: नाव, वय, अंगाचा बांधा, कपडे आणि पकडून देणाऱ्याला बक्षीस. अशा हजारो जाहिराती आज घरबसल्या वाचता येतात. सुरुवात करायला कॉर्नेल विद्यापीठाचा 'फ्रीडम ऑन द मूव्ह' हा संग्रह सोयीचा आहे. मी फिलाडेल्फियात राहते आणि रविवारच्या मराठी शाळेतल्या मोठ्या मुलांना या जाहिराती वाचायला देते. लिहिणारा मालक असल्यामुळे वाचणाराही नकळत त्याच्या बाजूने पळालेल्याला शोधायला लागतो. ती बाजू सोडून पळणाऱ्याचा बेत कसा हुडकायचा, ते सांगते.

आधी पेन्सिल घ्या आणि मालकाने दिलेली दूषणं खोडून टाका. १४ सप्टेंबर १७६९ च्या 'व्हर्जिनिया गॅझेट'मधली जाहिरात बघा. देणारा थॉमस जेफरसन, ज्याने सात वर्षांनी स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात सगळी माणसं समान जन्मतात असं लिहिलं. पळालेला सँडी, वय सुमारे ३५. जेफरसनच्या मते तो दारुडा, उर्मट, शिवराळ आणि लबाड. हे सगळं खोडा. आता उरतं ते असं: सँडी जोडे शिवतो, तेही मुख्यतः डाव्या हाताने. जाडंभरडं सुतारकाम करतो. घोडेस्वारीत तरबेज आहे. जाताना त्याने जोताच्या पट्ट्यांचे वण असलेला पांढरा घोडा नेला आणि जोडे शिवायची हत्यारंही नेली. घोडा तो विकायला बघेल आणि हत्यारांवर काम मिळवेल, हा अंदाज खुद्द जेफरसनचा आहे. म्हणजे वाटखर्च आणि पुढच्या गावातलं पोटपाणी, दोन्हींचा विचार करूनच सँडी निघाला होता.

मग बक्षिसाचे आकडे एकाखाली एक मांडा. काउंटीतच, म्हणजे मालकाच्याच जिल्ह्यात, सापडला तर ४० शिलिंग, व्हर्जिनियात इतरत्र ४ पौंड, दुसऱ्या वसाहतीत १० पौंड. २० शिलिंगांचा एक पौंड, म्हणजे अंतरासोबत रक्कम पाचपट झाली. हा माणूस वसाहतीबाहेर पोचू शकतो, हे मालकाने स्वतःच्या खिशाला तोशीस लावून कबूल केलं आहे. सँडी पुढे पकडला गेला आणि १७७३ मध्ये जेफरसनने त्याला १०० पौंडांना विकलं. जाहिरात वाचून झाली की असा पुढचा माग जरूर काढा.

अंगावरच्या वणांचा उल्लेख मात्र कधी खोडू नका. पाठीवर चाबकाचे वळ, गालावर किंवा खांद्यावर डागण्या: मालक ओळख पटावी म्हणून हे बिनदिक्कत लिहितात. छळाचा इतका स्पष्ट पुरावा, छळ करणाऱ्याच्याच शब्दांत, क्वचितच मिळतो.

जाहिरातीत इशारा कुणाला दिलाय, हेही बघा. मे १७९६ मध्ये राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टन यांच्या कारभाऱ्याने ओना जज या त्यांच्या घरून पळालेल्या, सुमारे वीस वर्षांच्या गुलाम मुलीसाठी जाहिरात दिली. ते घर होतं इथे फिलाडेल्फियातच, सहाव्या रस्त्याच्या आणि मार्केट स्ट्रीटच्या नाक्यापाशी. जाहिरातीत जहाजांच्या कप्तानांना तंबी आहे: तिला घेऊ नका, ती स्वतंत्र बाई म्हणून वावरेल, भाड्याचे पैसे तिच्याकडे आहेत. शिवाय चांगल्या कपड्यांचे पुष्कळ जोड आहेत, आणि पळून जावं असं तिला काही कारणच घडलं नव्हतं.

'काही कारण नव्हतं' असं दिसलं की त्या जागेचा कायदा उघडून बसा. फिलाडेल्फिया ज्या राज्यात आहे त्या पेनसिल्व्हेनियाच्या १७८० च्या कायद्यामुळे बाहेरून आणलेला गुलाम सलग सहा महिने राहिला तर मोकळा होऊ शकत होता. वॉशिंग्टन ती मुदत भरू नये म्हणून आपल्या गुलामांना मध्येच राज्याबाहेर पाठवत. त्यात ओनाला मार्था वॉशिंग्टनबाईंच्या नातीला देऊन टाकायचं ठरलं होतं. कारण होतंच.

ओनाच्या बाबतीत आपलं नशीब असं की तिची स्वतःची हकिगतही १८४५ मध्ये छापून आली. घरचे व्हर्जिनियाला जायची बांधाबांध करत होते, तेव्हा तीही आपलं सामान बांधत होती. शहरातल्या कृष्णवर्णीय मैत्रांकडे तिने ते आधीच पोचवलं आणि मंडळी जेवायला बसली असताना ती निघून गेली. जाहिरातीतले ते कपडे आता या हकिगतीशेजारी ठेवून बघा.

आणि वहीत मदत करणाऱ्यांसाठी एक रकाना आखा, जाहिरातीत नावं नसली तरी. ओना जहाजाने न्यू हॅम्पशायरमधल्या पोर्ट्समथला उतरली. कप्तानाचं नाव जॉन बोल्स. त्याला शिक्षा होऊ नये म्हणून तो हयात असेपर्यंत तिने ते कुणालाही सांगितलं नाही. बहुतेक जाहिरातींत हा रकाना कोराच राहील. तो तसाच ठेवा, पुसू नका.