लहान मुलाचा टाइप १ मधुमेह: जेवण कसं मोजावं आणि इन्शुलिनशी कसं जुळवावं

मुलाला टाइप १ मधुमेह असल्याचं कळलं की घरात पहिला प्रश्न ठरलेला असतो: आता याचं काय काय बंद करायचं? मधुमेह म्हटलं की आपल्याला पथ्यच आठवतं. आमच्याही घरी तसंच झालं. मुलगी अडीच वर्षांची होती. दवाखान्यातून परत आल्यावर दोनच दिवसांत घरातली केळी दिसेनाशी झाली, भात निम्मा झाला आणि पोर रडून हैराण झाली. पुढच्या भेटीत आहारतज्ज्ञांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तिचं खाणं कमी करू नका, मोजायला शिका." हा लेख त्या एका वाक्याबद्दल आहे.

आधी एक गोष्ट पक्की ध्यानात घ्या. टाइप १ मध्ये शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणाच स्वादुपिंडातल्या इन्शुलिन बनवणाऱ्या पेशी नष्ट करते. मुलाने गोड जास्त खाल्लं म्हणून हा आजार होत नाही, आणि आहार कितीही चोख ठेवला तरी त्या पेशी परत येत नाहीत. १९२१ मध्ये इन्शुलिनचा शोध लागला. त्याआधी अशा मुलांना अगदी उपाशी ठेवण्याइतका कमी आहार देत. आयुष्य थोडं लांबायचं, पण मूल हाडांचा सापळा व्हायचं. जानेवारी १९२२ मध्ये टोरांटोत एका १४ वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा इन्शुलिन टोचलं गेलं, तेव्हा हे चित्र बदललं. म्हणून कुणी कितीही खात्रीने "आहारानेच बरा करतो" म्हणालं तरी इन्शुलिन बंद करू नका. निदानानंतर काही आठवडे ते महिने इन्शुलिनची गरज एकदम कमी होऊ शकते. डॉक्टर त्याला हनिमून काळ म्हणतात. नेमक्या याच दिवसांत घरच्यांना आजार गेल्यासारखा वाटतो. तो गेलेला नसतो.

१. कार्ब मोजायला शिका

जेवणानंतरची शुगर मुख्यतः कर्बोदकांनी वाढते. सगळे त्यांना 'कार्ब'च म्हणतात. भात, ब्रेड, बटाटा, फळं, दूध, डाळी, साखर या सगळ्यांत ते असतात. अंडं, मासे, चिकन, तेल, तूप यांत जवळपास नसतात. तेव्हा साखर टाळली की झालं, हा समज सोडून द्यावा लागतो.

ग्रॅम दाखवणारा स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घ्या. रिकामी ताटली ठेवून काटा शून्यावर आणा, मग पदार्थ वाढा. सुरुवातीला इतके आकडे पाठ असले तरी भागतं: १०० ग्रॅम शिजलेल्या भातात साधारण २८ ग्रॅम कार्ब, सोललेल्या केळ्यात १०० ग्रॅमला २३, सफरचंदात १४, उकडलेल्या बटाट्यात २०, १०० मिली दुधात ५. ब्रेडच्या एका स्लाइसमध्ये १२ ते १५ ग्रॅम. वजन शिजलेल्या पदार्थाचंच करायचं, कारण कच्चा तांदूळ शिजताना पाणी पितो आणि हिशेब पार बदलतो.

पाकिटातल्या पदार्थांवर 'एकूण कर्बोदके' ही ओळ वाचा. 'साखर' ही ओळ एकूणातच धरलेली असते. 'शुगर फ्री' छापलेल्या बिस्किटात मैद्याचे कार्ब तसेच असतात, आणि त्यातल्या काही गोडव्यांनी लहान मुलाचं पोट बिघडतं. मी तरी असले पदार्थ आणणं सोडून दिलं.

२. डोसचं गणित

किती ग्रॅम कार्बला एक युनिट इन्शुलिन, हे प्रमाण तुमचे डॉक्टर ठरवून देतात. प्रत्येक मुलाचं ते वेगळं असतं आणि वेळेनुसारही बदलतं. बऱ्याच मुलांना सकाळच्या खाण्याला जास्त इन्शुलिन लागतं.

समजा दुपारचं प्रमाण ३० ग्रॅमला १ युनिट आहे. ताटात ६० ग्रॅम भात म्हणजे १७ ग्रॅम कार्ब, ४० ग्रॅम बटाटा म्हणजे ८ आणि १०० मिली दूध म्हणजे ५. एक अंडं, त्याचं शून्य. बेरीज ३०, डोस १ युनिट. जेवणाआधीची शुगर जास्त असेल तर वेगळा दुरुस्तीचा डोस लागतो. तो कधी आणि किती, हेही डॉक्टरांकडून लिहूनच घ्या. लहान मुलाच्या बाबतीत अर्ध्या युनिटानेही मोठा फरक पडतो, म्हणून अर्ध्या युनिटाच्या खुणा असलेलं इन्शुलिनचं पेन मागून घ्या.

३. आधी टोचायचं की नंतर?

लहान मुलाच्या आईबापांची खरी परीक्षा इथे असते. जलद काम करणारं इन्शुलिन सुरू व्हायला १० ते १५ मिनिटं घेतं आणि त्याचा जोर एक ते दोन तासांनी येतो. खाण्यातली साखर त्याहून लवकर रक्तात पोहोचते. म्हणून शक्यतो जेवणाच्या १५ मिनिटं आधी टोचलेलं बरं. त्याने जेवणानंतरची उसळी बरीच आटोक्यात येते. फक्त तेव्हा शुगर कमी असेल तर आधी ती वर आणायची.

पण अडीच वर्षांचं मूल पूर्ण जेवेल याची खात्री कोण देणार? सुरुवातीच्या दिवसांत एकदा मी पूर्ण डोस आधीच दिला. लेकीने दोन घास खाल्ले आणि तोंड घट्ट मिटून घेतलं. पुढचा तासभर मी चमचा घेऊन तिच्यामागे घरभर फिरत होते. ती हसत पळत होती आणि माझे हातपाय कापत होते. अशी वेळ येऊ नये म्हणून डोस विभागायची पद्धत डॉक्टरांशी बोलून घ्या: मूल नक्की खाईल तेवढ्याचा डोस आधी, उरलेला ताट बघून लगेच नंतर. आणि आधी दिलेल्या डोसपेक्षा कमी खाल्लं, तर राहिलेले कार्ब दुसऱ्या आवडीच्या पदार्थातून भरून काढा. वरच्या ताटातला निम्मा भात उरला तर ८ ग्रॅम कमी पडले. ३५ ग्रॅम केळ्यात तेवढेच असतात. ती अदलाबदल आधीच ठरवलेली असली की जेवताना आवाज चढत नाही.

जबरदस्तीने मात्र भरवू नका. जेवण म्हणजे भांडण असं मुलाच्या मनात एकदा बसलं की ते निघायला फार काळ लागतो.

४. दिवसाला आकार द्या

दोन-तीन वर्षांची मुलं दिवसभर काही ना काही तोंडात टाकत असतात. मधुमेहात याच सवयीचा सगळ्यात जास्त त्रास होतो, कारण शुगर कधी स्थिरावतच नाही आणि कोणत्या खाण्याने ती चढली ते कळत नाही. तीन जेवणं, एक किंवा दोन मधली खाणी आणि मध्ये दोन-तीन तासांचं अंतर, एवढं ठेवलं तरी आकडे बोलायला लागतात. मधल्या वेळी भूक लागलीच तर काकडी, उकडलेलं अंडं, चीजचा तुकडा. अर्थात शुगर कमी असेल तर हा नियम लागू नाही.

मुलासाठी वेगळा स्वयंपाक करू नका. त्याला जे लागतं ते घरातल्या सगळ्यांनाच चांगलं आहे: भाज्या, सालासकट डाळी, अख्खी धान्यं, रसाऐवजी अख्खं फळ. दिवसाच्या ऊर्जेपैकी साधारण निम्मी कार्बमधून यायला हरकत नसते. कार्ब फार तोडायचा सल्ला मोठ्यांसाठीच्या माहितीत सर्रास दिसतो, पण वाढत्या मुलाच्या उंची-वजनावर त्याचा परिणाम होऊ शकतो. तो प्रयोग स्वतःच्या मनाने करू नका.

तेलकट आणि चीजचे पदार्थ वेगळे वागतात. पिझ्झा खाल्ल्यावर दोन तासांनी आकडा छान दिसतो आणि झोपेत तो चढत जातो, कारण चरबीमुळे पचन लांबतं. असं जेवण रात्रीपेक्षा दुपारी ठेवलं तर लक्ष ठेवता येतं.

आणि वाढदिवसाचा केक? द्या. तुकड्याचं वजन करा, अंदाजाने कार्ब काढा, डोस द्या. गोड पदार्थ 'वाईट' आणि भाजी 'चांगली' अशी भाषा मुलासमोर वापरू नका. शुगर वाढली की "काय खाल्लंस?" असं दरडावून विचारलं तर मूल लपवून खायला शिकतं, आणि लपवून खाल्लेल्याचा डोस देता येत नाही.

५. शुगर खाली गेली तर

शुगरचा ७० (mg/dL) च्या खालचा आकडा म्हणजे हायपो. ५४ च्या खाली गेला तर गंभीर. लहान मुलाला "मला कसंतरी होतंय" हेही सांगता येत नाही. चेहरा पांढराफटक पडणं, घाम, हात थरथरणं, विनाकारण किरकिर, एकदम गप्प होऊन मांडीत शिरणं, अवेळी झोप. यातलं काहीही दिसलं की आधी बोट टोचून तपासा. तपासायला साधन नसेल तर हायपो समजूनच गोड द्या.

मात्रा वजनावर: दर किलोला ०.३ ग्रॅम ग्लुकोज. म्हणजे १५ किलोच्या मुलाला साधारण ५ ग्रॅम. सपाट चहाच्या चमच्याहून जरा जास्त साखर पाण्यात विरघळवून, किंवा ५० मिली फळांचा रस. (रसाची बाटली आमच्या घरी औषधांच्या कपाटात असते, एरवी तो कुणी पीत नाही.) चॉकलेट नको, त्यातल्या चरबीमुळे साखर उशिरा चढते. एक वर्षाखालच्या बाळाला मध कधीच नको. १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. अजून ७० च्या खाली असेल तर तेवढंच पुन्हा द्या. घाबरून वाटीभर साखर भरवली की तासाभरात आकडा ३०० वर दिसतो.

मूल बेशुद्ध असेल किंवा झटके येत असतील तर तोंडात काहीही घालू नका. एका कुशीवर झोपवा, डॉक्टरांनी दिलेलं ग्लुकागॉन (शुगर वर आणणारं औषध) द्या आणि तातडीची वैद्यकीय मदत बोलवा. ग्लुकागॉन कसं द्यायचं ते घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला आधीच शिकवून ठेवा.

खूप धावपळ झालेल्या दिवशी हायपो रात्री उशिराही येतो. अशा दिवशी झोपण्याआधी आणि मध्यरात्री एकदा तपासा.

६. आजारपणात

ताप किंवा उलट्या असताना मूल जेवत नाही म्हणून इन्शुलिन पूर्ण बंद करणं ही सगळ्यात धोकादायक चूक आहे. डोस बदलावा लागेल, पण बंद नाही. आजारात शुगर उलट वाढते, आणि इन्शुलिन कमी पडलं की शरीर चरबी जाळून किटोन नावाची घातक आम्लं तयार करतं. शुगर २५० च्या वर राहिली किंवा उलट्या होत असल्या तर किटोन तपासा. उलट्यांमध्ये शुगर फार चढलेली नसतानाही किटोन वाढू शकतात. रक्तातला किटोनचा आकडा ०.६ (mmol/L) च्या वर गेला की लक्ष ठेवा, १.५ च्या वर लगेच डॉक्टरांना फोन करा, ३ च्या वर थेट रुग्णालय गाठा. खोल, जोरात श्वास, तोंडाला गोडसर वास, सुस्ती किंवा न थांबणाऱ्या उलट्या दिसल्या तर आकड्याची वाट न पाहता निघा. तोवर घोट घोट पाणी पाजत राहा. शुगर कमी असेल तर तेच पाणी साखरेचं करा.

७. वही आणि डॉक्टरांची भेट

वेळ, शुगर, खाल्लेले कार्ब, डोस, आणि शेवटी "खूप खेळली", "सर्दी" असे दोन शब्द. एवढं लिहिलेलं असलं की प्रमाण कुठे चुकतंय ते डॉक्टरांना चटकन दिसतं. बरेच डॉक्टर ७० ते १८० हा पट्टा धरतात. दिवसाचा सुमारे ७० टक्के वेळ शुगर त्यात राहिली तर उत्तम. शंभर टक्के कुणाचीच राहत नाही. दर भेटीला उंची-वजन मोजून घ्या, आणि सिलिॲक आजाराची तपासणी झाली का ते विचारा. टाइप १ असलेल्या मुलांत तो जास्त आढळतो आणि त्यात गव्हातलं ग्लुटेन वर्ज्य करावं लागतं.

८. घराबाहेर

बालवाडीतल्या बाईंना मोठं व्याख्यान देऊ नका, एकच कागद द्या: हायपोची लक्षणं, काय आणि किती द्यायचं, कधी फोन करायचा. सोबत नाव लिहिलेल्या डबीत ग्लुकोमीटर आणि ५० मिली रसाच्या दोन छोट्या बाटल्या. खाऊच्या डब्याच्या झाकणावर मी चिकटपट्टी लावून लिहिते: "केळं ५० ग्रॅम, कार्ब १२. अंडं, ०." बाई त्याच पट्टीवर खाली लिहून पाठवतात: "केळं अर्धं उरलं."