कंपन्यांच्या प्रसिद्धिपत्रकांचे विडंबन कसे लिहावे

प्रसिद्धिपत्रकाचा जन्म माहिती देण्यासाठी झाला, हे विडंबन लिहिणाऱ्याने आधी ध्यानात घ्यावे. २८ ऑक्टोबर १९०६ रोजी अमेरिकेत अटलांटिक सिटी येथे रेल्वेगाडी पुलावरून पाण्यात कोसळून पन्नासहून अधिक माणसे दगावली, तेव्हा पेनसिल्व्हेनिया रेलरोडसाठी काम करणारे आयव्ही ली यांनी अपघात दडवण्याऐवजी वार्ताहरांना लेखी निवेदन दिले. तेच पहिले आधुनिक प्रसिद्धिपत्रक मानले जाते. आज त्याच साच्यात घडलेली गोष्ट झाकली जाते आणि विडंबनाला खरा आधार मिळतो तो इथेच.

प्रथम एक साधी घटना निवडून ती सरळ वाक्यात लिहावी: ‘काजूच्या एका व्यापाऱ्याने म्हापशातील दुकान बंद केले.’ मग ‘दुकान’ आणि ‘बंद’ हे दोन्ही शब्द वर्ज्य मानून तीच घटना पुन्हा सांगावी:

‘गोमंतकीय चवीचा वारसा जगभर पोहोचवण्यास कटिबद्ध असलेल्या आमच्या अग्रगण्य समूहाला, उत्तर गोव्यातील ग्राहकसेवेच्या सुसूत्रीकरणाचा महत्त्वपूर्ण टप्पा गाठल्याचे जाहीर करताना अत्यंत आनंद होत आहे. यामुळे म्हापशातील ग्राहकांना आता पणजीतील दालनाचा समृद्ध अनुभव घेण्याची संधी उपलब्ध झाली आहे.’

यातील एकही शब्द लेखकाने घडवलेला नाही. असे शब्द खऱ्या पत्रकांत हरघडी भेटतात. म्हणूनच अतिशयोक्तीचा मोह कटाक्षाने टाळावा, कारण अध्यक्षांना चंद्रावर शाखा उघडायला लावले की वाचक हसतो खरा, पण उद्याच्या वर्तमानपत्रातील पत्रक ओळखायला त्याचा त्याला काहीच उपयोग होत नाही.

यानंतर अध्यक्षांचे उद्गार यावेत. ‘ग्राहकांचा विश्वास हीच आमची ऊर्जा असून हा प्रवास आता खऱ्या अर्थाने सुरू झाला आहे’ हे वाक्य वेर्ण्यातील औषधांच्या कारखान्याला आणि फेणीच्या भट्टीलाही तितकेच लागू पडत असेल, तर ते जमले असे समजावे. शेवटचा ‘समूहाविषयी’ हा परिच्छेद मूळ बातमीहून लांब असला म्हणजे पुरे.

टीकेचा रोख मात्र सांभाळावा. दुकान गेल्याने ज्यांची नोकरी गेली त्यांच्यावर हसू ओढवू नये, आणि इंग्रजीत आलेले पत्रक रात्री घाईघाईने मराठीत उतरवणाऱ्या उपसंपादकाची अवघडलेली वाक्ये हाही विडंबनाचा विषय नव्हे. निर्णय घेऊन तो शब्दांआड लपवणारा जो कोणी आहे, त्याच्याच भाषेला हात घालावा. खऱ्या कंपनीचे नाव व बोधचिन्ह वापरू नये. ‘विडंबन’ हा शब्द शीर्षकात आणि पहिल्या वाक्यातही ठेवावा, कारण व्हॉट्सॲपवर मजकूर पुढे जाताना वरची ओळ सहज गळते आणि उरलेला भाग बातमी म्हणून फिरू लागतो.