नातीच्या मागे फिरायचं असेल तर

नातीला घेऊन बाहेर पडणार असाल तर आधी एक ठरवा, कुठेही पोचायचं नाही. देऊळ, भाजी, दळण असं काही डोक्यात असलं की आपण ‘चल गं, चल’ करत राहतो. आमच्या सोसायटीच्या फाटकापासून गिरणीपर्यंतचा रस्ता जेमतेम पाच मिनिटांचा, पण चार वर्षांची नात बरोबर असली की पाऊण तास सहज जातो. गिरणी बहुतेक वेळा राहतेच.

ती पुढे, तुम्ही मागे. ती उकिडवी बसली की तुम्हीही बसा. गुडघे कुरकुरत असतील तर पायरीवर टेका. उभ्याने गोगलगाय नुसती बुळबुळीत दिसते. खाली वाकलं की तिची लांब शिंगं दिसतात, शिंगांच्या टोकाला डोळे, आणि काडी जवळ नेली की ती आत ओढली जातात. हात मात्र लावू देऊ नका. लावलाच तर घरी येऊन आधी साबण.

‘किती सुंदर ना!’ असं शिकवायला जाऊ नका. आणि प्रश्न आला की लगेच व्याख्यान नको. लाजाळूचं पान मिटलं की पोर विचारतं, का? देठाच्या बुडातलं पाणी सरकतं म्हणून, हे खरं उत्तर आहे, पण ते सांगायच्या आधी पान परत उघडेपर्यंत तिच्याबरोबर थांबून बघा. इथेच आपला धीर सुटतो, तिचा नाही.

कुठे बघायचं, ते ऋतूवर. उन्हाळ्यात गुलमोहराखाली पडलेलं फूल उचला: पाचांतली एक पाकळी पांढुरकी, ठिपक्यांची असते. फुलातले पुंकेसर एकमेकांत अडकवून ओढायची लढाई तुम्ही लहानपणी खेळला असाल, आता हरायचं. पावसात अळूच्या पानावर पाणी टाका आणि पान तिच्या हातात द्या. थेंब पाऱ्यासारखा पळतो, पान ओलं होत नाही. भाद्रपदाच्या सुमारास तेरड्याची फुगलेली बोंडं धरायला द्या. चिमटीत फट्कन फुटतात, साल स्प्रिंगसारखी वळते, बिया उडतात. एक फुटलं की झाड रिकामं होईपर्यंत घरी जायचं नाव नाही! गुलबक्षी पाहायची तर दुपार कलल्यावर जा, सकाळी उशिरा गेलात तर मिटलेलीच दिसेल.

डबक्यावर स्कूटरचं तेल सांडून जांभळे-हिरवे रंग पसरलेले असतात, तिथे आपण ‘शी, घाण’ म्हणून तिला ओढतो. घाण आहेच. पण रंगही आहेत, आणि डोकं हलवलं की बदलतात. दुरून बघू द्या.

फोन खिशात ठेवा. फोटो काढायला गेलं की ती पोज देते आणि बघणं संपतं.

घरी आल्यावर कपडे मशीनला टाकण्याआधी खिसे उलटे करा. तेरड्याच्या बिया कुंडीत टोचा, खडे गॅलरीत ठेवा. मेलेला भुंगा फेकायचा असेल तर तिला विचारून फेका, नाहीतर संध्याकाळभर शोधत बसावं लागेल.