रोझफिंच शोधताय? आधी तपकिरी पाखरू ओळखायला शिका

रोझफिंच हा हिवाळ्यात येणारा छोटा पाहुणा पक्षी, त्याच्या नराचं डोकं लाल असतं. पण तो बघायचा तर आधी लाल रंग डोक्यातून काढा. मी तीन हिवाळे बेळगाव जिल्ह्यातल्या जांबोटीच्या रस्त्याला लाल डोक्याचा पक्षी शोधत फिरले आणि घाणेरीवर बसलेल्या तपकिरी पाखरांना ‘चिमण्याच की ह्या’ म्हणून सोडून दिलं. त्या माद्या होत्या, आणि त्यांच्यात कोवळे नरही. नर पहिल्या विणीच्या हंगामातसुद्धा मादीसारखाच तपकिरी असतो, लाली त्यानंतर येते. म्हणून थव्यात लाल पक्षी थोडेच दिसतात.

तेव्हा तपकिरी पाखराकडं नीट बघा. आकार चिमणीएवढा, चोच आखूड आणि बुडाशी जाड. चेहरा अगदी कोरा, त्यात काळाभोर मण्यासारखा डोळा. हा डोळा एकदा मनात बसला की पुढं चूक होत नाही. छातीवर पुसट उभ्या रेघा, पंखावर दोन फिकट पट्ट्या, शेपटीच्या टोकाला खाच. चिमणीच्या मादीला डोळ्यामागं फिकट पट्टा असतो आणि तिची छाती साधी असते. रानचिमणीच्या छातीवरही रेघा नसतात.

हे पाहुणे हिमालयात आणि त्याच्याही पलीकडं, सायबेरियापासून युरोपपर्यंत घरटी करतात. आपल्याकडं येतात ते फक्त हिवाळ्यापुरते. खानापूर, जांबोटी, कणकुंबी या पट्ट्यात मी नोव्हेंबर ते मार्च शोधते. दाट रानात शिरू नका. रानाची कड, घाणेरीची जाळी, बांबूची बेटं बघा. कारवीचं झुडूप सात वर्षांनी फुलतं, आणि फुलोऱ्यानंतरच्या कोरड्या दिवसांत त्याचं बी तयार होतं. त्या वर्षीचा हिवाळा अजिबात चुकवू नका, कारण हे पक्षी कारवीचं बी आवडीनं खातात.

सकाळी ऊन पाठीवर घेऊन जाळीपासून वीसेक पावलांवर बसा. बसाच, फिरू नका. खाताना ते जाळीत इतके गप्प असतात की पुढ्यात असूनही कळत नाही. दचकले की सगळे मिळून जवळच्या झाडाच्या शेंड्यावर जातात, पण थोडं थांबलं की एकेक करून खाली उतरतात. मी तर आधी कानच लावते: ‘तू-ई’, शेवटाला वर चढणारी, कुणी प्रश्न विचारावा तशी बारीक शीळ.

लाल नर मनसोक्त बघायचा असेल तर फेब्रुवारी-मार्चमध्ये फुललेला पांगारा गाठा. ते त्याचा मध प्यायला येतात. नवीन पिसांची फिकट टोकं हिवाळाभर झिजतात आणि आतला लाल उघडा पडतो, म्हणून परतीच्या वेळी नर सगळ्यात झळझळीत असतो. आमच्या बांधावरच्या पांगाऱ्यावर असाच एक आला होता. डोकं, गळा, छाती लालभडक, चोचीच्या बुडाशी पराग माखलेला. त्याच्या शेजारी पाच तपकिरी होते, आणि त्या दिवशी मी त्यांनाही तितकाच वेळ बघितलं.