यूकेच्या नर्सिंग कोर्ससाठी पर्सनल स्टेटमेंट कसं लिहायचं

आपल्याकडे बी.एस्सी. नर्सिंगला सीईटी द्यायची, कॅप राउंडला कॉलेज भरायचं, झालं, निबंध वगैरे कुणी मागत नाही. त्यामुळे बारावीनंतर यूकेत नर्सिंग करायचं ठरवलेली मुलं युकॅसचा (तिकडच्या युनिव्हर्सिट्यांचे प्रवेश अर्ज घेणारी संस्था) फॉर्म भरता भरता पर्सनल स्टेटमेंटपाशी, म्हणजे स्वतःबद्दल आणि कोर्स का करायचाय याबद्दल लिहायच्या मजकुरापाशी, अडकतात आणि मग नेटवरचं सॅम्पल उचलून त्यात आपलं गाव घालतात. असं अजिबात करू नका. युकॅस प्रत्येक स्टेटमेंट सॉफ्टवेअरने जुन्या स्टेटमेंट्सशी ताडून बघतं. २००७ मध्ये अशीच तपासणी झाली तेव्हा २३४ जणांनी एकच किस्सा लिहिलेला सापडला, आठव्या वाढदिवसाला केमिस्ट्री सेटशी खेळताना पायजमा जळाला म्हणे! शिवाय हे एआयकडून लिहून घेतलेलं नाही असंही फॉर्ममध्ये जाहीर करावं लागतं.

(ज्यांचं जीएनएम किंवा बी.एस्सी. नर्सिंग आधीच झालंय त्यांचा रस्ता वेगळा, त्यांना एनएमसीची (तिकडची नर्सिंग कौन्सिल) सीबीटी ही कॉम्प्युटरवरची परीक्षा आणि ऑस्की ही प्रात्यक्षिक परीक्षा, हे स्टेटमेंट नाही.)

२०२६ च्या प्रवेशापासून एकच लांबलचक निबंध राहिलेला नाही, तीन प्रश्न आहेत: हा कोर्स का करायचाय, शिक्षणातून त्याची तयारी कशी झाली, आणि शिक्षणाबाहेर काय केलं व त्याचा उपयोग काय. तिन्ही मिळून ४,००० कॅरेक्टर्स, स्पेससकट, आणि प्रत्येक उत्तर किमान ३५० चं. म्हणजे साधारण सहा-साडेसहाशे इंग्रजी शब्द, बस.

लिहायला बसायच्या आधी एक गोष्ट पक्की करा. तिकडे नर्सिंगला पहिल्या वर्षापासूनच फील्ड निवडायचं असतं: अॅडल्ट, चाइल्ड, मेंटल हेल्थ किंवा लर्निंग डिसअॅबिलिटी (म्हणजे बौद्धिक अक्षमता असलेल्यांची काळजी). तुम्ही पाच चॉइस भरलेत तरी स्टेटमेंट पाचही ठिकाणी एकच जातं, त्यामुळे दोन ठिकाणी चाइल्ड आणि तीन ठिकाणी मेंटल हेल्थ असं केलंत तर लिहिलेलं धड कुणालाच लागू पडत नाही. फील्ड एकच ठेवा आणि तेच का, हे पहिल्या उत्तरात स्पष्ट येऊ द्या.

आता खरा मुद्दा. वाचणाऱ्याला तुम्हाला सेवेची आवड आहे हे सांगून काही कळत नाही, कारण ते सगळेच लिहितात. नर्स नेमकं काय काम करते हे तुम्ही डोळ्यांनी पाहिलंय का आणि पाहून तुम्हाला काय समजलं, हे त्यांना हवं असतं. माझ्याकडे ड्राफ्ट घेऊन आलेल्या एका मुलीचं पहिलं वाक्य होतं, "लहानपणापासून मला रुग्णसेवेची ओढ आहे." मी तिला म्हटलं, हे बाजूला ठेव आणि तू कुठल्या नर्सला काम करताना पाहिलंयस ते मराठीतच बोलून दाखव. तर आजीला शुगर, पायाला जखम, ड्रेसिंगला सिस्टर घरी यायच्या, आणि दर वेळी बोळा लावायच्या आधी "आता गार लागेल हं आजी" म्हणायच्या, जखमेकडे बघता बघता दुसऱ्या पायाची बोटंही तपासायच्या, आणि आजी चपला न घालता अंगणात जाते हे घरच्यांच्या आधी त्यांनीच ओळखलं! मग आम्ही पहिलं वाक्य काढून टाकलं आणि हेच लिहिलं, वर एक ओळ घातली की जखम भरण्याइतकंच ती पुन्हा होऊ नये हे बघणंही नर्सचं काम आहे हे मला तिथे कळलं. आता हे वाचून मुलीबद्दल काहीतरी समजतं की नाही?

तुमच्याकडेही असं काहीतरी असतंच. पीएचसीतला लसीकरणाचा दिवस, एनएसएसचा कॅम्प, घरातलं आजारपण, आशाताईंबरोबर केलेला सर्व्हे, काहीही चालेल. मोठ्या हॉस्पिटलची इंटर्नशिप नाही म्हणून रडत बसू नका. फक्त पेशंटचं नाव, बेड नंबर, ओळख पटेल असं काहीही लिहू नका, गोपनीयता पाळणं हा एनएमसीच्या आचारसंहितेचाच भाग आहे आणि वाचणारे ते लगेच टिपतात.

दुसऱ्या उत्तरात मार्क्स लिहून जागा घालवू नका, ते फॉर्ममध्ये दुसरीकडे असतातच. बायोलॉजीतला एखादा धडा, म्हणजे समजा किडनीचं काम, आणि त्यामुळे डायलिसिसवरच्या काकांच्या पाण्यावर बंधन का हे कसं उमगलं, असं जोडून दाखवा. तिसऱ्यात कबड्डी, पार्टटाइम नोकरी, धाकट्या भावंडांना सांभाळणं, सगळं येऊ शकतं, पण प्रत्येकापुढे "म्हणून काय" याचं उत्तर हवं. मेडिकलच्या काउंटरवर वैतागलेल्या गिऱ्हाइकाशी शांतपणे बोलायला शिकलात हे वॉर्डमध्ये फार कामाचं आहे.

काही गोष्टी सरळ गाळा: नाइटिंगेलबाईंचं वाक्य, "आईचं स्वप्न", यूकेत सेटल व्हायचा प्लॅन. तिकडच्या नर्सिंगमध्ये सहा सी सांगतात, केअर, कम्पॅशन, कॉम्पिटन्स, कम्युनिकेशन, करेज, कमिटमेंट. ते वाचा, समजून घ्या, पण सहाच्या सहा शब्द एका ओळीत ओतू नका, किश्श्यातूनच दिसले पाहिजेत. आणि कोर्सचा निम्मा वेळ प्लेसमेंटवर, म्हणजे वॉर्डमधल्या वगैरे प्रत्यक्ष कामावर जातो, नाइट शिफ्टसकट, हे तुम्हाला माहितीये आणि तयारी आहे हे एका वाक्यात आलं तर उत्तम.

ड्राफ्ट वर्ड फाइलमध्ये करा, मोठ्याने वाचा, जिथे जीभ अडखळते ते वाक्य तोडा. मग घरच्यांपेक्षा एखाद्या शिक्षकांना किंवा ओळखीच्या सिस्टरना दाखवा, घरचे सगळंच छान म्हणतात. जानेवारीच्या मध्यात मुदत असते, त्यामुळे दिवाळीच्या सुट्टीत पहिला ड्राफ्ट हातात असू द्या. पाठवलेल्या मजकुराची कॉपी जपून ठेवा, कारण इंटरव्ह्यूला "ते सिस्टरबद्दल लिहिलंयस ना, जरा सांग" असं तिथूनच सुरू होऊ शकतं.