सुती टी-शर्टवर फोटो छापताय? आधी रिकाम्या कापडावर इस्त्री फिरवा

घरी ट्रान्सफर पेपरने (छापलेलं चित्र इस्त्रीच्या तापाने कापडावर उतरवणारा कागद) टी-शर्टवर रंगीत फोटो उमटवला की कडा सुटतात, मधे बारीक फोड येतात. दरवेळी दोष कागदाचा नसतो. हाताला कोरडं लागलं तरी सुती कापडात ओल असते, ती आधी घालवा.

१. नवा टी-शर्ट सॉफ्टनर न घालता धुवून पूर्ण वाळवा.

२. फोटो छापायच्या मापात ३०० डीपीआय (दर इंचाला ३०० ठिपके) ठेवा. फिकट कापडाच्या पेपरवर तो उलटा, म्हणजे आरशात दिसतो तसा छापा. गडद कापडाच्या पेपरवर सुलटाच. फिकटवाल्या पेपरवर पांढरा रंग छापलाच जात नाही, तिथे कापडच दिसतं. पिवळ्या टी-शर्टवर फोटोतले दात पिवळेच येणार!

३. इस्त्रीतलं पाणी ओतून टाका, वाफ बंद. गादीचं टेबल नको, दाब मिळत नाही. कडक लाकडी फळी घ्या.

४. आता रिकाम्या टी-शर्टवर १०-१५ सेकंद इस्त्री दाबून फिरवा. खरी युक्ती हीच.

५. लगेच कागद ठेवून अंगाचा भार देत दाबा, कडांवर जरा जास्तच. इस्त्रीच्या तळाला वाफेची भोकं असतात, तिथे ताप कमी पोचतो; म्हणून ती एका जागी ठेवू नका. वेळ आणि कागद गरम सोलायचा की गार, हे पाकिटावर बघा.

सावधान: इंकजेटचा (शाई फवारणाऱ्या प्रिंटरचा) ट्रान्सफर पेपर लेझर प्रिंटरमध्ये घालू नका. त्याचा थर आत वितळून चिकटतो.